शब्द मागे, चित्र पुढे : लेओनहार्ट फुक्सचा वनस्पतिग्रंथ

 

फ्यूशिया हा रंग आपल्या ओळखीचा आहे. साड्यांच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात, त्याच्या जवळपासचा. रंगाला नाव मिळालं फुलावरून, आणि फुलाला मिळालं एका जर्मन डॉक्टरावरून. गंमत अशी, की त्या डॉक्टरानं हे फूल जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ते अमेरिकेतलं. शार्ल प्लुमिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं १७०३ साली त्याचं वर्णन छापलं, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याचा मान म्हणून त्याचं नाव त्याला दिलं. तो वैद्य म्हणजे लेओनहार्ट फुक्स. जन्म १५०१, मृत्यू १५६६.

इतिहासाच्या पुस्तकांत फुक्सला, ओट्टो ब्रुनफेल्स आणि हिरोनिमुस बॉक यांच्या जोडीनं, जर्मन वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात. ‘जनक’ हा शब्द आपल्याला फार आवडतो. एकदा कुणाला जनक म्हटलं की त्याचं पुस्तक उघडायची गरज उरत नाही, फोटोला हार घातला की काम झालं. आज आपण ते पुस्तक उघडणार आहोत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या ग्रंथात दोन पुस्तकं आहेत. एक शब्दांचं, ते मागे बघतं. दुसरं चित्रांचं, ते पुढे बघतं. या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि ते का पटत नाही हे समजून घेणं फुक्सला हार घालण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. बव्हेरियातलं वेमडिंग हे त्याचं गाव. लहानपणीच वडील गेले. एरफुर्टला शिकला, गावी येऊन काही काळ शाळा चालवली, मग इंगोलश्टाटच्या विद्यापीठात गेला. तिथं ग्रीक आणि लॅटिनचा पक्का अभ्यास झाला आणि १५२४ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली. याच वर्षांत मार्टिन ल्यूथरचं लिखाण वाचून तो सुधारणावादी पंथाकडे वळला. हा तपशील नुसता धार्मिक नाही. पुढं इंगोलश्टाटच्या कॅथलिक विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही ती याच कारणानं. मधली काही वर्षं तो आन्सबाखला तिथल्या सरदाराचा खासगी वैद्य होता. १५२९ साली ‘इंग्लिश घाम’ नावाची भयंकर साथ जर्मनीत पसरली, तेव्हा त्यानं केलेल्या उपचारांनी त्याचं नाव झालं. १५३५ मध्ये वुर्टेंबर्गच्या ड्यूक उलरिखनं त्याला टूबिंगेनच्या विद्यापीठात बोलावलं. तिथं तो शेवटपर्यंत राहिला. अनेकदा रेक्टर झाला, म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू म्हणा.

तर हा मुळात डॉक्टर आणि प्राध्यापक. मग तो झाडांच्या मागे का लागला?

कारण साधं आहे, आणि सगळा जीव त्यातच अडकला आहे. तेव्हाचं बहुतेक औषध म्हणजे मुळं, पानं, साली, बिया. डॉक्टर लॅटिनमध्ये नाव लिहून द्यायचा. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानदारासारखा तिथला औषधविक्रेता त्या नावाचं म्हणून जे काही असेल ते कुटून द्यायचा. त्या दुकानदाराला माल पुरवायची गावातली, रानात फिरणारी बाई किंवा शेतकरी, आणि त्यांना लॅटिन येत नसे. म्हणजे नाव एकाकडे, वनस्पती दुसऱ्याकडे, आणि रोगी तिसराच. तिघांमध्ये धागा कच्चा. चुकीचं मूळ पोटात गेलं तर माणूस मरतो. आपल्या काळातल्या डॉक्टरांना रोजच्या झाडपाल्याचीही ओळख नाही, अशी फुक्सची तक्रार होती आणि ती रास्त होती. १५३० मध्येच त्यानं ‘नव्या वैद्यांच्या चुका’ अशा अर्थाच्या नावाचं एक झणझणीत पुस्तक काढलं होतं.

यावर त्यानं शोधलेलं उत्तर म्हणजे १५४२ साली बाझेलला इझिंग्रिन या मुद्रकाकडून छापून निघालेला ‘दे हिस्तोरिया स्तिर्पिउम’, वनस्पतींच्या इतिहासावरची भाष्यं. जवळजवळ नऊशे पानांचा अगडबंब ग्रंथ, पाचशेहून जास्त चित्रं. बहुतेक चित्रं पूर्ण पानभर, लाकडाच्या ठशांवरून छापलेली. पुढच्याच वर्षी त्याची जर्मन आवृत्ती आली. आणि त्याच वर्षी, त्याच बाझेल शहरात वेसालिउसचा मानवी शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथही छापला गेला. त्या दोन वर्षांत त्या एका गावात झाड आणि माणूस दोन्ही नव्यानं बघितले गेले, असं म्हणायला हरकत नाही.

आता चित्रांकडे येऊ. वनस्पतींची चित्रं काढावीत का, हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटतो. त्या काळी तो गंभीर वाद होता. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनं म्हणून ठेवलं होतं की चित्रं फसवतात. त्याचे मुद्दे फार शहाणे आहेत. एक, निसर्गातले रंग इतके, की ते उतरवता येत नाहीत. दोन, नकलेवरून नक्कल काढताना चित्र बिघडत जातं. तीन, झाड वर्षभर बदलतं, चित्र मात्र एकाच दिवसाचं असतं. फुक्सच्या काळातल्या यानुस कोर्नारिउससारख्या ग्रीक पंडितांचाही चित्रांवर विश्वास नव्हता. वनस्पती शब्दांतून आणि गुरूकडून शिकावी, असं त्या परंपरेचं म्हणणं.

फुक्सची चित्रं नीट बघितली, तर ती या आक्षेपांना दिलेलं उत्तर आहे हे लक्षात येतं. नक्कल बिघडते? लाकडाचा ठसा एकदा कोरला की शंभरावं चित्र पहिल्यासारखंच निघतं. झाड बदलतं? मग एकाच चित्रात कळी, उमललेलं फूल, फळ आणि बी एकत्र दाखवा, खाली मूळसुद्धा. चेरीच्या झाडाचं चित्र बघा: फुलं आणि फळं एकाच वेळी, आणि फळंही वेगवेगळ्या रंगांची. तुळशीच्या कुळातली लॅमियम नावाची एक वनस्पती आहे. तिच्या चित्रात एकाच झुडपावर तीन जातींची फुलं दाखवली आहेत. असं झाड जगात कुठंही उगवत नाही.

इथं एक क्षण थांबू या. फुक्सची चित्रं ‘हुबेहूब’ आहेत, असं आपण वाचतो. ती तशी नाहीत. हुबेहूब चित्रं बघायची तर बारा वर्षं आधी, १५३० मध्ये स्ट्रासबुर्गला निघालेला ब्रुनफेल्सचा ग्रंथ बघा. त्यातली चित्रं हान्स वायडिट्झ या चित्रकाराची. त्यात पान फाटलेलं असेल तर फाटलेलंच काढलंय, देठ मोडला असेल तर मोडलेलाच. समोर जे एक रोपटं होतं, त्याचं ते व्यक्तिचित्र आहे. कलेच्या दृष्टीनं वायडिट्झ मला वरचा वाटतो. पण ते चित्र हातात घेऊन तुम्ही रानात गेलात, तर तसंच फाटकं पान शोधत बसाल! फुक्सला एक रोपटं नको होतं, त्याला ती जात हवी होती. म्हणून त्यानं चित्रकारांना छायाप्रकाशाचे खेळ करू दिले नाहीत. स्वच्छ रेषा, सावली जवळजवळ नाही, रंग भरायला जागा मोकळी. चित्रकारानं आपली हौस भागवू नये म्हणून आपण लक्ष ठेवलं, हे त्यानं प्रस्तावनेत सांगितलंय. म्हणजे या चित्रांत एक विचार आहे. ती डोळ्यांनी केलेली व्याख्या आहे.

आणि तरी, चित्रकारांना आवळून धरणाऱ्या याच माणसानं त्या काळात दुर्मिळ अशी एक गोष्ट केली. ग्रंथाच्या शेवटी त्या तिघा कारागिरांची चित्रं नावांसह छापली. आल्ब्रेख्ट मायर समोरच्या रोपट्यावरून चित्र काढतोय. हाइनरिख फ्युलमाउरर ते लाकडावर उतरवून घेतोय. फाइट रुडोल्फ श्पेक्ले हा ठसे कोरणारा. सुरुवातीला झगा घातलेला, हातात फुलांची डहाळी धरलेला फुक्स उभा आहे आणि शेवटी हे तिघं बसलेत. पुस्तक कोणाकोणाच्या हातांनी होतं, हे सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही. आजही कितीतरी पुस्तकांत चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात कुठंतरी कोपऱ्यात असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता शब्दांकडे, आणि इथं सूर बदलावा लागतो.

प्रत्येक प्रकरणाची घडण ठरलेली: नावं, प्रकार, रूप, कुठं उगवते, कधी उगवते, प्रकृती उष्ण की शीत, आणि शेवटी गुणधर्म. गुणधर्म कुणाचे शब्द? डायोस्कोरिडीसचे, गेलनचे, प्लिनीचे. एकामागून एक उतारे. डायोस्कोरिडीस हा पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य, आजच्या तुर्कस्तानातल्या किलिकिया भागातला. त्यानं भूमध्य समुद्राभोवतीच्या वनस्पती लिहिल्या. फुक्स उभा होता आल्प्सच्या उत्तरेला, थंड प्रदेशात. तिथं उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती त्या ग्रीकानं कधी पाहिल्याच नव्हत्या. पण फुक्सची धारणा अशी, की खरं ज्ञान ग्रीकांकडे होतं, मधल्या काळानं ते बिघडवलं, आपण ते धुऊनपुसून परत आणायचं. त्यामुळं समोर दिसेल त्या झाडाला जुन्या पुस्तकातलं नाव शोधायचं, हा खटाटोप पानोपानी चाललेला. प्रकरणांची मांडणीसुद्धा झाडांच्या साम्यावर नाही, ग्रीक अक्षरांच्या क्रमानं आहे. नावं आधी, झाडं नंतर.

याचा परिणाम कुठं दिसतो, तर आपल्या जेवणाच्या ताटात. फुक्सच्या ग्रंथात मिरचीची चित्रं आहेत, युरोपात छापलेल्या मिरचीच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी. फार सुंदर, फार अचूक. लांब मिरची, आखूड मिरची, पान, फूल, सगळं ओळखू येतं. आणि नाव काय दिलंय? जर्मनमध्ये ‘कालिकतची मिरी’. लॅटिनमध्ये प्लिनीच्या पुस्तकातलं एक जुनं नाव, ‘सिलिक्वास्त्रुम’. मिरची अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचेपर्यंत युरोपातल्या कुणीही ती चाखली नव्हती, प्लिनीनं तर नाहीच नाही. मक्याचंही तेच. चित्रात वरचा तुरा आणि खालची कणसं, सगळं जिथल्या तिथं. नाव मात्र ‘तुर्की धान्य’, आणि मजकूर सांगतो की हे ग्रीस आणि आशियाकडून आलं. झेंडूसुद्धा असाच भारताच्या नावावर नोंदला गेला. मुळात तोही अमेरिकेचाच.

यावर हसणं सोपं आहे. पण आपण हसण्याआधी मराठीत बघू या. मिरची हा शब्द आला कुठून? मिरी या शब्दावरून. पोर्तुगीजांच्या जहाजांतून एक अनोळखी तिखट फळ आपल्याकडं आलं आणि आपणही तेच केलं. जुन्या ओळखीच्या तिखटाचं नाव त्याला दिलं. आज मिरचीशिवाय ठेचा नाही, रस्सा नाही, आणि ती परकी आहे हे कुणाला सांगूनही पटत नाही. युरोपात ती काही अंशी पूर्वेच्या वाटेनं, तुर्की साम्राज्यातून पोचली, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘कालिकतची मिरी’ या चुकीच्या नावातही व्यापाराच्या वाटेचा एक खरा माग असू शकतो. नवी वस्तू जुन्या नावाच्या पिशवीत घालायची, ही माणसाची सवय आहे. फुक्सचा दोष त्या सवयीत नाही. डोळ्यांनी नवी गोष्ट इतकी स्पष्ट दाखवूनसुद्धा त्याची लेखणी मात्र ‘हे प्लिनीला माहीत होतं’ असंच म्हणत राहिली, हा त्याचा दोष.

शब्द पुढे बघू शकतच नव्हते का? तर तसं नाही. दोन उदाहरणं देते.

पहिलं हिरोनिमुस बॉकचं. हा शाळामास्तर आणि पाद्री. त्याचा ग्रंथ १५३९ मध्ये निघाला, साध्या जर्मन भाषेत, पहिल्या आवृत्तीत एकही चित्र नाही. चित्र नसल्यामुळं सगळा भार शब्दांवर. हा माणूस रानावनांतून, डोंगरदऱ्यांतून पायी हिंडला आणि जे पाहिलं ते त्यानं लिहिलं. त्याची वर्णनं आजही ताजी वाटतात. शिवाय दिसण्यात जवळच्या वनस्पती त्यानं जवळजवळ ठेवायचा प्रयत्न केला. फुक्सकडे चित्रं होती म्हणून त्याचे शब्द आळशी राहिले, असं म्हणावंसं वाटतं. अर्थात न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे, की अवघड शब्दांचा अर्थ देणारी एक यादी त्यानं ग्रंथाच्या सुरुवातीला जोडली. वनस्पतींचं वर्णन करायला ठरावीक अर्थाचे शब्द लागतात, हे त्याला कळलं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, फुक्सचा समकालीन. १५३४ मध्ये तो गोव्यात आला आणि तिथंच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे होतं, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात त्याचं जाणंयेणं होतं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा ‘कोलोकिउश’ हा संवादांचा ग्रंथ छापला गेला. त्यात आंबा आहे, नारळ आहे, फणस आहे, विडा आहे, हिंग आहे. चित्रं नाहीत. ग्रीकांबद्दल आदर आहे, पण त्यांना जे माहीत नव्हतं ते माहीत नव्हतं, असं तो स्पष्ट म्हणतो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, असंही तो कबूल करतो. का झाली मग इथं? कारण झाड समोर होतं, आणि शेजारी हकीम आणि वैद्य बसलेले होते, ज्यांना तो विचारत होता. फुक्सला मात्र अरबी वैद्यकाचा तिटकारा. अरबांनी ग्रीक विद्या नासवली, हे त्यानं आयुष्यभर सांगितलं. ज्या परंपरेनं ती विद्या कित्येक शतकं जपली आणि वाढवली, तिच्याबद्दलचा हा आकस विद्वत्तेच्या वेशातला पूर्वग्रह आहे. ‘जनक’ म्हणताना हे झाकून ठेवायचं कारण नाही.

ओर्ताचा शेवट मात्र वाईट झाला. तो ज्यू घराण्यातून आलेला, बाहेरून ख्रिस्ती. मेल्यावर गोव्याच्या इन्क्विझिशननं १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश १५६७ मध्ये क्लुसिउसनं काढला, तो युरोपभर गेला. फुक्स त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. तो वाचला असता तर फुक्स काय म्हणाला असता? कदाचित भांडलाच असता. भांडण्यात तो पटाईत होता: कोर्नारिउसशी भांडला, आणि चित्रांची नक्कल केली म्हणून फ्रँकफुर्टच्या एगेनोल्फ या मुद्रकावरही तुटून पडला.

मग हिशेब काय लागतो? एका ठिकाणी फुक्सच्या लेखणीनं स्वतःचे डोळे ऐकले, ते सांगते. उत्तर युरोपातलं एक देखणं झुडूप, जांभळट नळीसारखी फुलं. जर्मनमध्ये त्याला ‘फिंगरहूट’ म्हणायचे, म्हणजे शिंप्याचं अंगुस्तान. जुन्या ग्रंथांत नाव सापडेना. तेव्हा फुक्सनं बोट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नवं नाव घडवलं, ‘डिजिटॅलिस’, आणि म्हटलं की याहून चांगलं सापडेपर्यंत हेच चालू दे. ते अजून चालू आहे. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंगनं याच झाडाचा उपयोग अंगावरच्या सुजेवर, म्हणजे हृदयाच्या आजारावर, सिद्ध केला. डॉक्टर आज डिगॉक्सिन लिहून देतात, तेव्हा त्या नावात फुक्सचा तो शब्द असतो. आणि तो कुठून घेतला होता? प्लिनीकडून नाही, गेलनकडून नाही. गावातल्या लोकांच्या बोलीतून.

१५४२ नंतर चोवीस वर्षं तो या ग्रंथाचा विस्तार करत राहिला. दीड हजारांहून जास्त चित्रं तयार झाली. एवढा खर्च करायला मुद्रक मिळाला नाही, आणि ते काम छापल्याशिवाय राहिलं. त्याचे नऊ हस्तलिखित खंड आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. छापलेल्या चित्रांचं मात्र उलट झालं. इतर लेखकांनी ती मागून, उसनी घेऊन, चोरून आपापल्या ग्रंथांत वापरली. सोबतचा मजकूर बदलत गेला, चित्रं टिकली.

म्हणून फुक्सचं खरं देणं मला असं वाटतं. त्यानं आपल्या चुका तपासायचं साधन आपल्याच पुस्तकात ठेवून दिलं. ‘ही प्लिनीची वनस्पती आहे’ हे वाक्य खोटं आहे हे आपल्याला कशावरून कळतं? शेजारच्या पानावरच्या मिरचीवरून. चित्र नसतं, तर नुसत्या नावावरून पंडित आणखी दोनशे वर्षं वाद घालत बसले असते. वाचणाऱ्याला आपलं म्हणणं खोडता येईल इतका पुरावा लेखकानं समोर मांडावा, मग त्याला स्वतःला तो दिसो वा न दिसो, ही अपेक्षा आपण वैद्यकाच्या, इतिहासाच्या, कुठल्याही पुस्तकाकडून करावी. जुन्या ग्रंथात आहे म्हणून खरं, असं जेव्हा कुणी सांगेल, तेव्हा शेजारी चित्र आहे का ते विचारावं.